तीन ते पाच

अप्पांनी भस्माची तिसरी रेघ ओढली आणि ती रोजच्यासारखीच कपाळ ओलांडून पट्टीवर चढली. पांढऱ्या कापडावर राखेचे करडे बोट उमटले. हातातला लहान आरसा त्यांनी जरा लांब धरला, मान तिरकी केली आणि काम मनासारखे झाल्याचा हुंकार दिला.

"अप्पा!" त्यांचा मुलगा केदारनाथ दारातूनच ओरडला. "काल सांगितलं, परवा सांगितलं. पट्टीला राख लागू द्यायची न्हाई म्हणून."

"राख न्हाई. भस्म हाय."

"जखमेला दोन्ही सारखंच."

"जखमेला काय कळतंय बाबा," अप्पा म्हणाले आणि त्यांनी आरसा पालथा ठेवला.

केदारनाथ त्यांच्या बाजूला टेकला. कापसाचा बोळा घेऊन तो पट्टीवरची राख टिपू लागला, आणि टिपता टिपता त्याचे ओठ आवळत गेले. रेघा उजव्या भुवईच्या अलीकडेच थांबवा, एवढेच डॉक्टरांनी सांगितले होते. वीरभद्रअप्पांचा जन्म कापड मोजण्यात गेला होता. खुणेच्या केसभरही पुढे त्यांची कात्री कधी गेली नव्हती. तोच माणूस स्वतःच्या कपाळावर मात्र दोन बोटे अलीकडे थांबू शकत नव्हता. की थांबायचे नव्हते? हा प्रश्न केदारनाथला अलीकडे अप्पांच्या प्रत्येक गोष्टीबद्दल पडे, आणि प्रत्येक वेळी त्याचे डोके थोडे अधिक तापे.

"बांगरकरबाईचा फोन कवा यायचाय?"

"पांगरकर. बांगरकर न्हाई, पांगरकर."

"त्येच की."

आठ वर्षांपूर्वी डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा मसुराच्या दाण्याएवढा होता. भुवईच्या शेपटाशी, मोत्यासारखी झाक असलेला. म्हातारपणाचा मस, असे सगळे म्हणाले. अप्पा त्यावर रोज भस्म ओढत राहिले आणि भस्माखाली तो, मातीखाली मूळ सरकावे तसा, कुणाला न विचारता सरकत राहिला. मग त्याला खपली धरू लागली. खपली निघाली की रक्त येऊ लागले. दोन वेगवेगळ्या शहरांत दोन डॉक्टरांनी तो कापून काढला. दोन्ही वेळा 'निघालं एकदाचं' म्हणून नेकनूरच्या बाजारपेठेत पेढे वाटून झाले, आणि दोन्ही वेळा वर्ष-दीड वर्षात खपली परत आली. हा कातडीचा कॅन्सर आहे, हा सहसा जीव घेत नाही, पण जागा खात जातो, असे अंबाजोगाईत डॉक्टर सुनंदा पांगरकरांनी सांगितले, तेव्हा केदारनाथला सर्वांत आधी ते पेढे आठवले आणि तोंडात कडू चव आली.

पांगरकरबाईंची रीतही वैताग आणणारीच निघाली. त्या मुंबईला शिकून आल्या होत्या. डाग एका झटक्यात कापायचा नाही, असे त्यांचे म्हणणे. एक पातळ थर काढायचा, त्याच्या कडांना शाई लावायची, वरचे टोक ओळखू यावे म्हणून तिथे दोरा बांधायचा. मग शेजारच्या खोलीत बसणारे त्यांचे यजमान त्या थराची सगळी कड काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणार. कडेला रोग दिसला, तर जिथे दिसला तेवढ्याच जागी पुन्हा कापायचे. नाही दिसला, तर शिवायचे. तोवर जखम उघडी. मुंबईत म्हणे हे तासाभरात होते. इथे काच तयार व्हायलाच दिवस जात.

"म्हंजी उसवत बसायचं," अप्पा म्हणाले होते. "बरं, गुण येतो का पण?"

"शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांना पुन्हा होत नाही."

"अन् ऱ्हायलेले सहा?"

"त्यांना पुन्हा होतं."

"ते सहा कोणत्या गावचे?"

केदारनाथने डोळे मिटून घेतले होते. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत की चिडल्याही नाहीत. "पहिल्यांदाच इकडे आला असतात, तर मी नव्याण्णव म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "दोनदा अर्धवट कापून आलात. अर्धवट कापलेला रोग व्रणाखाली कुठेही बोट घालून बसतो. पाच माणसं तिथेच गेली."

मग त्यांनी अप्पांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि जुन्या व्रणांवरून हळूच बोट फिरवले. "एक सांगा. कानाकडे, कपाळाकडे भरपूर कापलंय. डोळ्याकडची बाजू मात्र दोन्ही वेळा अशी पट्टीने आखल्यासारखी सरळ सोडलीय. असं का?"

"त्यांना कापायची अक्कल नव्हती, दुसरं काय!" केदारनाथ उसळून म्हणाला. "पैसे घ्यायला दोन्ही हात. काम मात्र अर्धं!"

अप्पा सदऱ्याचे बटण नीट करत होते. बटण नीटच होते.

"डोळा सोडून काय बी कापा, बाई," ते शेवटी म्हणाले.

"डोळा राखायचा मी जिवापाड प्रयत्न करीन. पण कुठं थांबायचं ते मी ठरवत नाही, अप्पा. काच ठरवते. पापणीपर्यंत गेला असेल तर पापणीपर्यंत जावं लागेल. मग पुढे तो डोळा किती मिटेल, किती दिसेल, ते आत्ता सांगता येत नाही. आणि मधेच थांबायचं असेल, तर सुरूच नको करायला. तिसऱ्यांदा अर्धवट कापलं तर चौऱ्याण्णवसुद्धा उरणार नाहीत."

"काच ठरवती," अप्पा पुटपुटले होते.

घरी आल्यावर हे सगळे ऐकून जगदेवीबाई, केदारनाथची आई, कपाळाला हात लावून म्हणाली होती, "लगीन झाल्यापून सासूचा काच सोसला. ती गेली तर आता ह्यो दवाखान्याचा काच." आणि त्या दिवसापासून घरात डॉक्टरांच्या तपासणीला काच हेच नाव पडले. काचेचे काय झाले, काच कधी येणार, काचेने काय सांगितले.

पहिला थर निघाला होता. काच यायची होती.

त्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक होते, हीसुद्धा अलीकडे सांगण्यासारखी गोष्ट झाली होती. बाजारपेठेत तयार कपड्यांची दोन दुकाने निघाल्यापासून कापडाचे ठाण उलगडून बसणाऱ्यांकडे लोक जरा कीव केल्यासारखे पाहत. समोर, जिथे पूर्वी सुग्रीव पानपट्टी चालवायचा, तिथे आता त्याचेच पिवळ्या पाटीचे एसटीडीचे बूथ होते आणि काचेच्या पेटीत उभा राहून सगळा गाव दिल्ली-मुंबईशी बोलल्यासारखा ओरडत असे.

गादीवर बायनाबाई बसली होती. दर लग्नसराईला ती याच दुकानातून लुगडे नेई आणि नेण्याआधी याच दुकानात दोन तास भांडे. अप्पांनी तिच्या खांद्यावर हिरव्या लुगड्याचा पदर टाकला आणि भिंतीवरचा हातभर रुंद आरसा काढून तिच्यासमोर धरला. केदारनाथने गज उचलून कापड मोजायला घेतले. त्याला माहीत होते, आता काय येणार.

"अगं बया, पदर उजवीकडं दिसाय लागलाय की!"

"आरसा खोटं बोलत न्हाई, बायनाबाई," अप्पा म्हणाले. "निसता बाजू बदलतो."

आणि ते स्वतःच हसले. चाळीस वर्षे तोच विनोद, तोच आरसा, तेच हसू. लहानपणी केदारनाथलाही हसू येई. आता ते वाक्य त्याच्या कानांवर पडे, पण आत जात नसे. रोज वाजणाऱ्या देवळाच्या घंटेसारखे ते बाहेरच्या बाहेर विरून जाई.

"अप्पाशेठ, कपाळाला काय झालं म्हनायचं?" बायनाबाईने विचारले.

"रफू चाललाय."

"केदारशेठ! ओ केदारशेठ! अंबाजोगाईचा फोन हाय!" समोरून सुग्रीव ओरडला.

केदारनाथ गज तिथेच टाकून धावला. पेटीत शिरेपर्यंत सुग्रीव रिसीव्हर हातात धरून त्याच्याकडे दुःखाने पाहत होता.

"कटला."

"मग मला बलवलं कावून बे?"

"बलवलं तवा चालू हुता. पर निरोप घेतलाय मी. तीन ते पाचमंदी ऱ्हायलंय म्हन्ल्या. उद्या सकाळी उपाशीपोटी घिऊन या."

"तीन ते पाचमंदी काय ऱ्हायलंय?"

"ते न्हाई सांगितलं."

"अरे, तीन ते पाच दवाखाना उघडा ऱ्हातो का? मग सकाळी कावून बलवतील? अन् म्हाताऱ्या माणसाला सकाळपून संध्याकाळपातूर उपाशी ठिवायचं का?"

"मी बूथवाला हाय, केदारशेठ. डॉक्टर न्हाई."

"नीट ऐकता तरी येतं का तुला? धा येळा इचारायचं!"

"धा येळा इचाराय लाईन ऱ्हायला नगं?"

केदारनाथने नंबर फिरवला. पलीकडून एका बाईने, जिला जगात कशाचीच घाई नव्हती, या मार्गावरच्या सर्व लाईनी व्यस्त असल्याचे हिंदीत सांगितले, आणि मग तेच इंग्रजीत सांगितले. पुन्हा फिरवला. तीच बाई. तिसऱ्यांदा फोन लागला तो अंबाजोगाईतल्या कुठल्याशा किराणा दुकानाला. त्याने रिसीव्हर असा आदळला की सुग्रीव तो उचलून त्याच्या पोटावरून हात फिरवू लागला, जणू ते कोकरूच होते.

दुकानात येऊन त्याने निरोप जसाच्या तसा सांगितला आणि ठरवून टाकले, "उद्या दुपारच्या गाडीनं जाऊ. तीनला पोचतो. तीन ते पाचमंदी काय करायचं ते करतील."

"येळ न्हाई ती," अप्पा म्हणाले.

"मग काय हाय?"

"जागा हाय."

केदारनाथ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. पायापासून वैताग चढत येताना त्याला जाणवत होता. बायनाबाई पदर खांद्यावर तसाच ठेवून कान टवकारून बसली.

"कापताना बाईनं माझ्या कपाळावर शाईनं घड्याळ काढलतं," अप्पा म्हणाले. "कातडी बधिर केलती, मी जागा होतो की. बारा वर, सहा खाली. नर्सला म्हनायची, बारावर दोरा बांध. मग काच बघून तिचा मालक सांगतो, किती वाजता ऱ्हायलंय."

"मग मी काय येगळं सांगितलं?" सुग्रीव मागोमाग आलाच होता.

अप्पांनी भिंतीवर परत टांगलेल्या आरशासमोर मान वाकवली. पट्टीच्या वरच्या कडेला त्यांनी बोट ठेवले. "ह्ये बारा." बोट खाली आणले. "ह्ये सहा." मग ते बोट आरशात उजवीकडे सरकले आणि कानाच्या पाळीशी थांबले. क्षणभर ते तिथेच राहिले. "तीन हिकडं. कानाकडं. तीन ते पाच म्हंजी कानाखाली जरा."

आतल्या दारात चहाची कपबशी घेऊन जगदेवीबाई उभी होती. ती कधी येऊन उभी राहिली, कुणाला कळले नव्हते.

"म्हंजी डोळा..."

"डोळ्याचा अन् ह्याचा काय संबंध न्हाई," अप्पा म्हणाले. "कानाची पाळी जाईल थोडी. मला काय डूल घालायचेत?"

ती उंबऱ्यावरच बसली. कपबशी खाली ठेवून तिने गळ्यातले इष्टलिंग मुठीत धरले आणि डोळे मिटले. तिचे ओठ बराच वेळ हलत होते. बायनाबाईने या आनंदात लुगड्याचा भाव आणखी उतरवून मागितला आणि अप्पांनी तो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, न भांडता उतरवला. केदारनाथला तेही खटकले.

त्या संध्याकाळी अप्पा विलक्षण शहाण्यासारखे वागले. सकाळच्या गाडीने जायचे, उपाशी राहायचे, सगळ्याला हो. हो म्हणण्याची त्यांना सवय नसल्यामुळे त्यांचे हो ऐकून केदारनाथला बरे वाटण्याऐवजी राग येत होता. एवढे सोपे होते, तर ही आठ वर्षे काय केले? आणि शहाणपणाच्या मधेमधे त्यांचे चाळे चालूच होते. दुकान आवरताना त्यांनी सुई-दोरा मागून घेतला आणि उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून दोरा ओवत बसले. सुईच्या अलीकडे एकदा, पलीकडे एकदा, दोरा हवेतच ओवला जात होता.

"पट्टी दाबू नका, अप्पा!"

"दाबत न्हाई. निसता हात ठिवलाय."

"अन् सुई कशाला पायजे आत्ता?"

"बटन तुटलंय."

मग तसाच डोळा झाकून ते दुकानाच्या ओट्यावरून उतरले आणि शेवटच्या पायरीवर त्यांचे पाऊल चुकले. केदारनाथने धावत जाऊन दंड धरला नसता तर ते पालथेच पडले असते.

"झिंगल्यासारखं काय चालता? आता हात-पाय बी मोडून घ्या. तेवढंच ऱ्हायलंय!"

"पायरी खाली गेलती रे," अप्पा म्हणाले. ते पायरीकडे असे पाहत होते, जणू तिचा काही दोष नव्हता आणि हे तिला सांगायला हवे होते.

सकाळी आंघोळ, लिंगपूजा झाली. अप्पांनी भस्माची वडी हातात घेतली तसा केदारनाथ पुढे आला. आज पट्टी खराब झाली तर डॉक्टरबाईंसमोर मान खाली घालायची पाळी त्याच्यावर येणार होती.

"द्या इकडं. मी लावतो."

अप्पांनी त्याच्याकडे पाहिले. मग वडी त्याच्या हातात दिली आणि पाटावर ताठ बसले. केदारनाथ त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. बापाच्या इतक्या समोर, इतक्या जवळ तो किती वर्षांनी बसला होता, त्याचे त्यालाच आठवेना. अप्पांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जवळून वेगळ्याच दिसत होत्या, उन्हाळ्यात नदीचे पात्र भेगाळते तशा. जिथे पूर्वी पाणी होते तिथे आता त्याच्या खुणा. त्याने वडी ओली केली, तीन बोटे भिजवली आणि ती पट्टीच्या कडेशी टेकवली, म्हणजे तिथून सुरुवात करून पलीकडे नेली की चूक होण्याचा प्रश्न नव्हता.

पट्टी त्याच्या डाव्या हाताला होती. डोळा पट्टीच्या उजवीकडे.

बोटे थांबली.

बारा वर, सहा खाली. मग तीन? त्याची नजर पट्टीच्या उजव्या कडेवर आली. तिथे कान नव्हता. कान तर पार पलीकडे, नऊवर होता. तीनवर अप्पांच्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा होता. आणि चार, पाच म्हणजे खालच्या पापणीचा काठ, जिथे सकाळचे थोडे पाणी साचून चमकत होते. डॉक्टरबाई काही आरशात बघून कापत नव्हत्या. त्या इथे बसल्या होत्या, जिथे आत्ता तो बसला होता. समोर.

"काय झालं?" अप्पांनी विचारले.

सांगावे, तर अप्पा पाटावरून उठणार नाहीत. 'डोळा सोडून काय बी' हे त्यांचे ठरलेले होते. मग ती उघडी जखम, आणि वाट पाहणाऱ्या डॉक्टरबाई, आणि पुन्हा पेढ्यांसारखे काहीतरी. न सांगावे, तर आपल्या बापाला कानाचे सांगून डोळ्याकडे नेणारा मुलगा आपणच. आयुष्यभर या माणसाची प्रत्येक चूक त्याने जागच्या जागी दुरुस्त केली होती. बांगरकरचे पांगरकर केले होते. ही एक दुरुस्त करायला जीभ उचलत नव्हती.

"हलू नका," तो म्हणाला.

तीन रेघा त्याने हळूहळू ओढल्या. त्या सरळ आल्या नाहीत.

"जमतंय की," न बघताच अप्पा म्हणाले.

दारात जगदेवीबाईने दोघांच्या हातावर साखर ठेवली, मग उपास आठवून अप्पांच्या हातावरची परत घेतली. "कानाला जपून कापाय सांगा," ती हसत म्हणाली. "आधीच माझं ऐकत न्हाईत." केदारनाथने पिशवी उचलली आणि तिच्याकडे पाहायचे टाळले.

बसमध्ये जागा मिळाली. अप्पा उजव्या बाजूला खिडकीशी बसले. केदारनाथ मनात वाक्ये जुळवत होता आणि मोडत होता. केज स्टँडवर सांगू. स्टँडवर गर्दी आहे. फाटा गेला की सांगू. तिथे गेल्यावर डॉक्टरच सांगतील, मग आपण कशाला? आणि त्या सांगतील तेव्हा अप्पा त्याच्याकडे वळून पाहतील, ते पाहणे कसे असेल? चिडायला कुणीच हाताशी नव्हते. सुग्रीवने निरोप अक्षरन् अक्षर बरोबर दिला होता.

केज सुटले. शेजारून पुटपुटणे ऐकू येऊ लागले.

"दत्तकृपा... रसवंती गृह. इथं... पंक्चर काढून मिळंल."

केदारनाथने मान वळवली. अप्पांनी उजव्या डोळ्यावर, पट्टीला न लागेल असा, तळहात धरला होता आणि पूर्ण मान वळवून, डाव्या एकट्या डोळ्याने ते रस्त्याकडेच्या पाट्या वाचत होते.

"काय करता, अप्पा?"

"ऊन लागतंय डोळ्याला."

ऊन बसच्या दुसऱ्या बाजूला होते. तिकडचे प्रवासी टॉवेल डोक्यावर घेऊन बसले होते. अप्पांच्या मांडीवर सावली होती.

केदारनाथ त्या सावलीकडे पाहत राहिला. हवेत ओवला जाणारा दोरा त्याला दिसला. खाली गेलेली पायरी दिसली. दुकानातला आरसा दिसला, आणि कानाच्या पाळीशी थांबलेले ते बोट, क्षणभर जास्तच थांबलेले, आणि दारातली कपबशी. मग 'निसता बाजू बदलतो' हे चाळीस वर्षे कानांवरून वाहून गेलेले वाक्य पहिल्यांदा आत गेले. त्याच्या पाठोपाठ दोन जुन्या व्रणांची ती पट्टीने आखल्यासारखी सरळ बाजू आली, आणि सदऱ्याचे ते न निघालेले बटण.

मनात जुळवलेली सगळी वाक्ये त्याने गिळली. ती उतरायला वेळ लागला.

"त्यो निळा बोर्ड दिसतो का?" त्याने विचारले.

अप्पांनी त्याच्याकडे वळून पाहिले नाही. फक्त तळहात जरा अधिक नीट धरला.

"कंचा? त्यो व्हय? खते... व बी-बियाणे."

"त्याच्या खालची वळ?"

"बारीक हाय रे."

"वाचा तर."

"योग्य... योग्य दरात मिळतील."

"अन् ती भिंतीवरची?"

"थांब की जरा. गाडी पळती, अक्षरं पळतेत." मग, थोड्या वेळाने, "मुलगा मुलगी... एकसमान. कुणीतरी शेण थापलंय मुलीवर."

पुढच्या बाकावरची बाई वळून पाहू लागली. पाहू दे, केदारनाथला वाटले. तो अप्पांच्या खांद्यावरून पुढे वाकला होता आणि येणारी प्रत्येक पाटी त्यांच्याआधी शोधत होता. मोठ्या अक्षरांची आधी, मग त्याहून लहान. चुकले तर 'पुन्हा बघा' म्हणत होता. वस्ती मागे पडली. पाट्या संपल्या. दोन्ही बाजूंना काळी राने आणि मधून रस्ता. दूर कडेला किलोमीटरचा एक दगड पांढरा चमकला.

"त्यो?"

अप्पांनी मान पुढे काढली. डावा डोळा त्यांनी इतका ताणला की त्याच्या कोपऱ्यातून पाणी आले. ते त्यांनी पुसले नाही. दगड जवळ आला, खिडकीसमोर आला.

"अंबाजोगाई सोळा," ते म्हणाले. आणि मग, आवाज उतरवून, "हाय ना?"

दगडावर तेरा होते. तो मागे पडून लहान होईपर्यंत केदारनाथ त्याच्याकडे पाहत राहिला.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "पुढचा वाचा."